गाडी सरळ, स्टिअरिंग तिरकं



"गाडी सरळ धावते, पण स्टिअरिंग तिरकं धरावं लागतं, असं का?" हा प्रश्न आम्हाला इतक्या जणींनी विचारला, की त्यावर एक अख्खा कार्यक्रम करायचं ठरवलं. विचारणाऱ्यांमध्ये शाळेची व्हॅन चालवणाऱ्या होत्या, भाजी घेऊन पहाटे बाजार गाठणाऱ्या होत्या, रोज तालुक्याला नोकरीसाठी जाणाऱ्या होत्या. सगळ्यांची हकिकत जवळपास सारखीच. पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी गाडी एका बाजूला ओढायला लागली, म्हणून अलाइनमेंट करून घेतली. पैसे दिले. गाडी ओढायची थांबली, पण स्टिअरिंग मात्र डावीकडे किंवा उजवीकडे झुकलेलं. परत जाऊन सांगितलं तर उत्तर मिळालं, "ताई, मशीनवर सगळं हिरवं आहे. चालवत राहा, सवय होईल."

आम्ही आज एवढंच सांगणार आहोत, की सवय करून घेऊ नका. अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग तिरकं राहिलं, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ काम अर्धवट राहिलं असा असतो. ते पूर्ण करता येतं. मात्र ते खाली, चाकांपाशी करायचं असतं. वर स्टिअरिंग उपटून नव्हे. हा फरक कळला, की गॅरेजमध्ये आपल्याला कुणी सहज परतवून लावू शकत नाही.

मशीनला स्टिअरिंग दिसत नाही

आधी गाडीच्या पोटात काय असतं ते पाहू. आपण स्टिअरिंग फिरवतो, तेव्हा त्याचा दांडा खालच्या एका दातेरी आडव्या दांडीला सरकवतो. तिला रॅक म्हणतात. रॅकच्या दोन्ही टोकांना एकेक टाय रॉड असतो, डावा डाव्या चाकाला आणि उजवा उजव्या चाकाला जोडलेला. रॅक सरकला, की टाय रॉड चाकांना ढकलतात किंवा ओढतात आणि चाकं वळतात. टाय रॉडला आटे असतात. ते फिरवले, की रॉडची लांबी कमी-जास्त होते आणि तेवढ्यापुरती त्या चाकाची दिशा बदलते.

चाकांच्या या दिशेला टो म्हणतात. उभं राहून पायांचे चवडे किंचित आत वळवा, हे झालं टो-इन. चवडे बाहेर वळवले, की टो-आउट. प्रत्येक गाडीला किती टो हवा, ते गाडी बनवणाऱ्या कंपनीने ठरवून दिलेलं असतं, आणि ते माप फार बारीक असतं. एका अंशाचे ६० भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे एक मिनिट. अशा थोड्याशा मिनिटांत टो मोजतात.

आता समजावण्यापुरतं एक उदाहरण घेऊ. समजा एका गाडीला दोन्ही चाकांचा मिळून १० मिनिटं टो-इन हवा आहे, म्हणजे प्रत्येकी ५ मिनिटं. मेकॅनिकने गाडी रॅम्पवर घेतली, टाय रॉड फिरवले, दोन्ही आकडे ५ आणि ५ आणले. पडद्यावर हिरवं झालं. पण हे करत असताना वर स्टिअरिंग थोडं डावीकडे वळलेलं राहिलं होतं. मशीनला ते कळलंच नाही. त्याचे सेन्सर चाकांवर लावलेले असतात; ते चाकं मोजतात. स्टिअरिंग सरळ आहे की तिरकं, हे साध्या मशीनला दिसत नाही. ते माणसानेच बघायचं असतं.

त्याच गाडीचं स्टिअरिंग आता सरळ करून पुन्हा मोजा. डावं चाक २५ मिनिटं आत आणि उजवं १५ मिनिटं बाहेर असं काहीतरी दिसेल. पंचवीसमधून पंधरा गेले, दहाच उरले. बेरीज बरोबर, वाटणी चुकली! दोन्ही चाकं मिळून उजवीकडे बघताहेत. म्हणून गाडी सरळ ठेवायला आपल्याला स्टिअरिंग तेवढंच डावीकडे धरावं लागतं.

यात २० मिनिटांचा, म्हणजे अंशाच्या एका तिसऱ्या भागाचा फरक आहे. एवढासा फरक हाताला कसा जाणवतो? कारण लहान गाड्यांत स्टिअरिंग साधारण १५ अंश फिरवावं, तेव्हा चाकं एक अंश वळतात. त्यामुळे चाकांपाशी एक तृतीयांश अंश चुकला, की स्टिअरिंगवर तो ५ अंश होऊन दिसतो. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात ६ अंश सरकतो. जवळपास तेवढं स्टिअरिंग कलतं. रोज गाडी चालवणाऱ्या बाईच्या नजरेला ते पहिल्याच वळणानंतर खटकतं. "तुम्हाला भास होतोय" असं कुणी म्हटलं, तर हा हिशोब लक्षात ठेवा.

ओढणं वेगळं, तिरकं असणं वेगळं

गॅरेजला परत जाण्याआधी नेमकं दुखणं कोणतं, ते आपण स्वतः ओळखायचं. गाडी एका बाजूला ओढणं आणि स्टिअरिंग तिरकं असणं हे दोन वेगळे दोष आहेत, आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत.

सुरुवात हवेपासून करा. चारही टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासा. किती हवी, ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. एका बाजूची हवा कमी असली, तर गाडी त्या बाजूला ओढते आणि पुढचा सगळा तपास चुकतो.

मग एक सपाट, सरळ, मोकळा रस्ता शोधा. हे महत्त्वाचं आहे, कारण आपले बरेचसे रस्ते पाणी वाहून जावं म्हणून मधे उंच आणि कडेला उतरते असतात. आपण डाव्या बाजूने चालवतो, त्यामुळे अशा रस्त्यावर निरोगी गाडीसुद्धा हळूच डावीकडे झुकते. तो गाडीचा दोष नव्हे.

स्टिअरिंगच्या बरोबर वरच्या मध्यावर रंगीत टेपचा छोटा तुकडा लावा. बेताच्या वेगात गाडी सरळ चालवा. हात सोडू नका, फक्त पकड सैल ठेवा. आता बघा.

गाडी सरळ जाते आहे, हाताला जोर लागत नाही, पण टेप मध्यावर नाही, असं असेल तर आजचा आपला विषय तोच. वाटणी चुकली आहे.

पकड सैल करताच गाडी एका बाजूला निघाली, तिला सरळ ठेवायला सतत जोर लावावा लागतो, असं असेल तर ती ओढते आहे. मग कारण एखाद्या टायरमध्ये, अडकून राहिलेल्या ब्रेकमध्ये, किंवा चाकांच्या कॅम्बर-कास्टर नावाच्या दुसऱ्या कोनांमध्ये शोधावं लागतं. टायरवर संशय असेल, तर मेकॅनिक पुढचे दोन टायर डाव्या-उजव्या बाजूंना अदलाबदल करून बघतो. ओढण्याची दिशा उलटली, तर दोष टायरचा. ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, ते मात्र असे सरळ अदलाबदल करत नाहीत.

गाडी सरळ चाललेली असताना शेजारी बसलेल्या कुणाला तरी स्टिअरिंगचा फोटो काढायला सांगा. स्वतः काढू नका. हा फोटो गॅरेजमध्ये फार उपयोगी पडतो.

योग्य दुरुस्ती कशी होते

पाळणा टांगताना एका बाजूची दोरी आखूड राहिली, तर पाळणा कलतो. आपण एक दोरी थोडी सोडतो, दुसरी तेवढीच आवळतो. पाळण्याची उंची तीच राहते, फक्त कल जातो. टाय रॉडचंही तसंच. एक जेवढा लांब करायचा, दुसरा तेवढाच आखूड. दोन्ही सारख्याच मापाने बदलले, की टोची बेरीज हलत नाही आणि स्टिअरिंग मध्यावर येतं. बरेचदा हे अर्ध्या-पाऊण फेऱ्याचंच काम असतं.

कुठला लांब आणि कुठला आखूड, ते गाडीच्या रचनेवर ठरतं. पुष्कळ लहान गाड्यांत टाय रॉड चाकाच्या मध्याच्या मागे जोडलेले असतात. अशा गाडीत सरळ जाताना स्टिअरिंग उजवीकडे झुकत असेल, तर डावा रॉड लांब आणि उजवा आखूड करतात. डावीकडे झुकत असेल, तर याच्या उलट. रॉड चाकाच्या पुढच्या बाजूला असतील, तर सगळंच उलट. हे आपण पाना घेऊन करायचं नाही. पण मेकॅनिक एकाच बाजूचा रॉड फिरवून थांबला, तर विचारता यावं म्हणून माहीत असावं. एकच रॉड फिरवला, की स्टिअरिंग जागेवर येईलही, पण टोची बेरीज बिघडते आणि मग टायर कडेने झिजायला लागतात.

नीट काम करणारा मेकॅनिक साधारण या क्रमाने जातो. आधी हवा तपासतो. गाडी उचलून टाय रॉडचे जोड, बॉल जॉइंट, बुश सैल झालेत का ते हलवून बघतो, कारण सैल जोडावर केलेली अलाइनमेंट दोन दिवस टिकत नाही. मग सेन्सर लावतो. पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवून बरोबर मध्यावर आणतो आणि सीटला टेकवायच्या एका लोखंडी पट्टीने तिथेच घट्ट अडकवतो. ही पट्टी लावायची राहिली, की आज आपण बोलतोय तो सगळा घोळ होतो. त्यानंतर आधी मागची चाकं मोजतो आणि मग पुढचा टो बसवतो. शेवटी टाय रॉडचे लॉक नट आवळतो, रबरी बूट पिळलेला राहिला नाही ना ते बघतो आणि गाडी रस्त्यावर फिरवून आणतो.

मागची चाकं का मोजायची, असं काही जणींनी विचारलं. मागची चाकं थोडी जरी एका बाजूला बघत असली, तरी गाडीची शेपटी तिकडे सरकते आणि गाडी खेकड्यासारखी जरा तिरपी चालते. तिला सरळ ठेवायला पुढची चाकं वळवावी लागतात, म्हणजे पुन्हा स्टिअरिंग तिरकं. बऱ्याच लहान गाड्यांत मागच्या चाकांचे कोन बोल्टने बदलता येत नाहीत. पण ते मोजता येतात, आणि पुढची चाकं त्यांच्या दिशेशी जुळवून बसवता येतात. म्हणून "फक्त पुढचं करून देतो" असं कुणी म्हणालं, तर निदान मागचे आकडे तरी घ्यायला सांगा. ते फारच बाहेर गेलेले असतील, तर मागचा अ‍ॅक्सल वाकला आहे किंवा बुश गेले आहेत. मग आधी ती दुरुस्ती.

स्टिअरिंग काढून बसवणं, याला "नको" म्हणा

आता सगळ्यांत महत्त्वाचं. कधीकधी सुचवतात, "ताई, स्टिअरिंग काढून एक दात सरकवून बसवतो, पाच मिनिटांचं काम." ऐकायला सोपं वाटतं. पण घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे, म्हणून भिंतीवर घड्याळच तिरकं टांगण्यासारखं आहे हे. बघायला बरं दिसेल, आत चूक तशीच राहील.

रॅकला स्वतःचा एक मध्य असतो. तिथून डावीकडे आणि उजवीकडे स्टिअरिंग सारखं फिरायला हवं. स्टिअरिंगच फिरवून बसवलं, की रॅक मध्यावर नसतानाही स्टिअरिंग सरळ दिसतं. मग एका बाजूला गाडी जास्त वळते, दुसऱ्या बाजूला कमी. इंडिकेटर वळणानंतर आपोआप बंद व्हायचा, तोही एका बाजूला लवकर आणि दुसऱ्या बाजूला उशिरा बंद होऊ शकतो.

याहून मोठा धोका एअरबॅगचा. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, आणि ती स्टिअरिंगच्या मधोमध बसवलेली असते. तिला वीज पोचवणारी चपटी तार स्टिअरिंगच्या मागे गुंडाळलेली असते. तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. ही तार दोन्हीकडे ठराविक फेरेच उलगडते. तिचा मध्य चुकला, तर एका बाजूला पूर्ण वळण घेताना ती ताणली जाऊन तुटू शकते. मग एअरबॅगचा दिवा लागतो, हॉर्न वाजेनासा होतो आणि अपघाताच्या क्षणी एअरबॅग उघडेलच याचा भरवसा राहत नाही. शिवाय बॅटरी न काढता, नियम न पाळता एअरबॅगला हात लावला, तर ती तिथेच उघडून काम करणाऱ्याला इजा होऊ शकते.

स्टिअरिंग काढण्याची वेळ कधीच येत नाही असं नाही. आधीच कुणी ते काढून चुकीच्या दातावर बसवलं असेल, तर ते पुन्हा जागेवर आणावं लागतं. पण तसं झालं आहे हे आधी तपासून सिद्ध करायला हवं. रॅक मध्यावर असताना स्टिअरिंग सरळ आहे का, हा त्याचा पुरावा. उगाच पाच मिनिटं वाचवायला स्टिअरिंग काढायचं नाही.

नव्या गाड्यांत आणखी एक गोष्ट असते. स्टिअरिंग किती वळलं आहे ते मोजणारा सेन्सर. गाडी घसरू नये म्हणून असलेली यंत्रणा त्याच्यावर चालते. अलाइनमेंटनंतर स्टिअरिंगचा किंवा घसरण-नियंत्रणाचा दिवा लागला, तर हा सेन्सर स्कॅनर लावून शून्यावर आणावा लागतो. दिवा दिसत असताना गाडी तशीच घरी आणू नका.

गॅरेजमध्ये काय म्हणायचं

आमच्या गटातल्या व्हॅन चालवणाऱ्या एका ताईंचा अनुभव सांगतो. त्या तक्रार घेऊन गेल्या, तेव्हा मेकॅनिक त्यांच्याशी न बोलता सोबत आलेल्या दिराशीच बोलत राहिला. दिराला गाडी चालवता येत नाही! पुढच्या वेळी त्या एकट्या गेल्या, मोबाइलमधला फोटो दाखवला आणि म्हणाल्या, "दादा, स्टिअरिंग सरळ करून लॉक करा आणि आकडे पुन्हा घ्या." आकडे लाल झाले. पुढच्या अर्ध्या तासात काम झालं, वेगळे पैसे न देता. त्या भांडल्या नाहीत, की आवाजही चढवला नाही. नेमकं काय मागायचं ते त्यांना माहीत होतं, इतकंच.

तुम्हीही हेच म्हणा. गाडी सरळ जाते, पण स्टिअरिंग अमुक बाजूला झुकतं. स्टिअरिंग मध्यावर लॉक करून दोन्ही चाकांचा टो वेगवेगळा दाखवा. दोन्ही टाय रॉड सारखे फिरवून बसवा, स्टिअरिंग काढू नका. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा कागद द्या. पैसे देण्याआधी रस्त्यावर फिरवून बघू.

मेकॅनिक आपला शत्रू नाही. दिवसभर रॅम्पखाली वाकून काम करणाऱ्याकडून पट्टी लावायची राहू शकते. चांगला मेकॅनिक असं सांगितल्यावर रागावत नाही, गाडी पुन्हा रॅम्पवर घेतो. आणि जो घेत नाही, तिथे पुढच्या वेळी जायचं नाही, एवढा आपला हक्क आहेच.

दोन-तीनदा करूनही स्टिअरिंग पुन्हा तिरकं होत असेल, तर अलाइनमेंटवर पैसे घालणं थांबवा. कुठला तरी भाग सैल झाला आहे किंवा वाकला आहे. टाय रॉडचे जोड, लोअर आर्मचे बुश, रॅक धरून ठेवणारे बोल्ट हे सगळं तपासायला सांगा.

शेवटची गोष्ट, आणि ही जरा जपून ऐका. अलाइनमेंटला हात न लावता, एखाद्या खड्ड्यात आदळल्यानंतर किंवा दुभाजकाला चाक घासल्यानंतर स्टिअरिंग अचानक तिरकं झालं, तर तो वाटणीचा किरकोळ दोष समजू नका. टाय रॉड किंवा आर्म वाकलेला असू शकतो. अलाइनमेंटहून परतताना स्टिअरिंग सैल लागलं, त्यात खेळ जाणवला किंवा खालून खटखट ऐकू आली, तर लॉक नट आवळायचे राहिले असण्याची शक्यता असते. या दोन्ही वेळी गाडी कडेला घ्या, मेकॅनिकला तिथेच बोलवा. मागे मुलं बसलेली असतील, तर दुसऱ्या गाडीची सोय करा. शाळेला अर्धा तास उशीर झालेला परवडतो.

तर मैत्रिणींनो, उद्या गाडी बाहेर काढाल तेव्हा टेपचा एक तुकडा लावून बघा. हवा तपासा, सरळ रस्ता शोधा आणि काय दिसतं ते आम्हाला कळवा. तुमच्या गाडीचे आणखी प्रश्न असतील, तर तेही पाठवा. पुढच्या वेळी टायर कडेने का झिजतात आणि त्या झिजेवरून गाडीचं दुखणं कसं ओळखायचं, ते बोलू. तोवर जपून चालवा. नमस्कार.